मदतीचा गुन्हा नेमका कुठे सुरू होतो?

जानेवारी २०२५ पासून अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांची नावे जन्माच्या दाखल्यांमुळे राज्यभर गाजू लागली. आधी मालेगाव, मग अकोला, मग अंजनगाव सुर्जी असा हा विषय सरकत गेला. भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांचा आरोप असा, की उशिरा जन्मनोंद करण्याच्या तरतुदीचा फायदा घेऊन बांगलादेशी आणि रोहिंग्या घुसखोरांना भारतात जन्मल्याचे दाखले वाटले गेले. एकट्या अकोला जिल्ह्यात असे पंधरा हजारांहून अधिक अर्ज आल्याचा त्यांचा दावा होता. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, तहसील पातळीवरून असे दाखले देणे थांबवले, पुढे कडक कार्यपद्धती ठरवली आणि नियमाबाहेर दिलेले दाखले रद्द करण्याचे आदेश काढले. पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. या सगळ्या गदारोळात चर्चा राहिली ती दाखला कोणी घेतला याची. पण ज्यांनी अर्ज लिहून दिला, साक्ष दिली, सही केली, घर भाड्याने दिले, कामावर ठेवले, त्यांचा गुन्हा नेमका कोणता आणि तो कुठून सुरू होतो, हा प्रश्न वेगळा आहे. तो नीट मांडला गेला नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला तोच कळीचा प्रश्न आहे, कारण घुसखोर म्हणून जेवढी माणसे न्यायालयात उभी राहतील, त्यांच्या कितीतरी पट माणसे ‘मदतनीस’ म्हणून संशयाच्या जाळ्यात येऊ शकतात.

आधी दाखल्याची वाट पाहू. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. बाळ जन्मल्यावर २१ दिवसांत नोंद व्हावी, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून व्हावी, एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाच्या लेखी परवानगीने व्हावी, असा क्रम त्यात आहे. वर्ष उलटून गेले तर कलम १३(३) प्रमाणे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हा दंडाधिकारी २०२३ पर्यंत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे न्यायालयात बसणारा होता. २०२३ च्या दुरुस्तीला ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, १ ऑक्टोबरपासून ती अमलात आली आणि हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. साध्या भाषेत सांगायचे तर काम कोर्टातून तहसील कचेरीत आले. त्याच दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला. कायद्याचा फायदा फक्त पुढच्या पिढीसाठी असला, तरी लोकांनी त्यातून घेतलेला अर्थ सरळ होता : दाखला नसेल तर पुढे अडेल. दार सोपे झाले आणि दाराशी गर्दी झाली, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. अर्जांचा नुसता आकडा पाहून कट शिजल्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यायला हवे.

अशा अर्जाची एखादी फाइल उघडून पाहिली की मदत करणारे किती हात असतात ते कळते. वर अर्जनवीसाने टंकलेला ठरावीक मजकूर, त्याखाली मुद्रांकावरचे प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला असला तर तो, नसला तर आधार कार्ड आणि शिधापत्रिका, वर्तमानपत्रातल्या जाहीर प्रकटनाचे कात्रण, दोन शेजाऱ्यांचे जबाब, तलाठ्याचा किंवा मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, आणि शेवटच्या पानावर आदेश, सही, गोल शिक्का. यातला प्रत्येक कागद कोणा ना कोणाच्या मदतीने तयार झालेला असतो. अर्जदार परदेशी निघाला तर या हातांपैकी कोणते हात गुन्हेगाराचे? कायद्याच्या भाषेत ‘सगळेच’ हे उत्तर देता येत नाही आणि ‘कोणाचेच नाही’ हेही देता येत नाही.

जन्मदाखल्यालाच एवढे मोल का, हेही समजून घ्यावे लागते. नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, एखाददुसरा अपवाद सोडला तर, जन्मानेच नागरिक ठरते. आईबाप कोण हे पाहावे लागत नाही. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून दोघे भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असावा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हातात ‘जन्म अकोला, सन १९८०’ असा कागद पडला, तर तो कागद जवळजवळ नागरिकत्वापर्यंत नेऊन सोडतो. आधारचे तसे नाही. आधार अधिनियम २०१६ चे कलम ९ स्वच्छ सांगते की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निकाल देताना बजावले, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असले म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. तेव्हा आधारच्या एकट्या आधारावर जन्मदाखला देणे म्हणजे ज्या कागदाने काही सिद्ध होत नाही, त्याच्यावरून जवळजवळ सगळे सिद्ध करणारा कागद देणे होय. सरकारने असे दाखले तपासायला घेतले यात चूक काहीच नाही. तपास व्हायलाच हवा.

आता मदतीकडे येऊ. परदेशी नागरिकांविषयीचा आपला कायदा दीर्घकाळ १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमावर चालला. २००४ साली त्यात दुरुस्ती होऊन खोट्या पासपोर्टसाठी आणि मनाई असलेल्या क्षेत्रात शिरण्यासाठी वेगळ्या शिक्षा आल्या, आणि त्या गुन्ह्यांना साहाय्य करणाऱ्याला मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा ठेवली गेली. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या जागी आप्रवासन आणि परकीय नागरिक अधिनियम २०२५ आला. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द केले. वैध कागदांविना देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला किमान दोन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय एक ते दहा लाख रुपये दंड. हॉटेल, वसतिगृह, विद्यापीठ, रुग्णालय यांनी आपल्याकडच्या परदेशी व्यक्तींची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देणेही त्यात बंधनकारक आहे. या विशेष कायद्याच्या पाठीशी भारतीय न्याय संहिता उभी आहेच : अपप्रेरणा, आसरा देणे, बनावट दस्तऐवज, खोटे प्रमाणपत्र यांची कलमे. त्यामुळे हात बळकट करायला कायदा कमी पडतो अशी तक्रार कोणालाच करता येणार नाही.

पण याच कलमांत एक अट वारंवार येते आणि तीच आपल्याकडे चर्चेत गळून पडते. अपप्रेरणेच्या व्याख्येत मदत ही ‘हेतुपुरस्सर’ असावी लागते. आसऱ्याच्या कलमात समोरचा गुन्हेगार आहे हे माहीत असावे किंवा तसे मानायला कारण असावे, आणि त्याला शिक्षेपासून वाचवण्याचाच इरादा असावा लागतो. खोट्या प्रमाणपत्राच्या कलमात ते खोटे असल्याची जाणीव लागते. सर्वोच्च न्यायालयाने ‘श्रीराम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या सत्तरच्या दशकातील निकालात हा फरक उदाहरणाने सांगितला. कोणी एखाद्याला सहज, मैत्रीखातर घरी बोलावले आणि त्यामुळे मारेकऱ्यांचे काम सोपे झाले, तरी खून घडावा म्हणूनच बोलावले असल्याशिवाय बोलावणारा खुनाचा साथीदार ठरत नाही. एखाद्या कृतीचा गुन्हेगाराला उपयोग झाला, एवढ्यावरून ती कृती गुन्हा होत नाही. खुनासारख्या गुन्ह्यात जो निकष लावतात, तो कागदपत्रांच्या गुन्ह्यात सैल करण्याचे काही कारण मला दिसत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुराव्याच्या ओझ्याचा. साधारण फौजदारी खटल्यात सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. परकीय नागरिकांच्या कायद्यात मात्र ती उलटी आहे. एखादी व्यक्ती परदेशी आहे की नाही असा प्रश्न निघाला, तर आपण परदेशी नाही हे त्या व्यक्तीने दाखवायचे, असे १९४६ च्या अधिनियमाचे कलम ९ सांगत होते आणि नव्या कायद्यानेही ते तत्त्व कायम ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने सर्बानंद सोनोवाल प्रकरणात २००५ साली हे तत्त्व उचलून धरले आणि आसामपुरता असलेला १९८३ चा वेगळा कायदा रद्द केला. पण त्याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्याच रहीम अली प्रकरणात त्याला मर्यादाही घातली : वाटेल त्या माणसाला उचलून ‘तू परदेशी नाहीस हे दाखव’ असे म्हणता येणार नाही, आधी संशयाला काही आधार हवा आणि तो त्या माणसाला कळवायला हवा. आता या उलट्या ओझ्याचा मजकूर बारकाईने वाचला तर ते ओझे ‘त्या व्यक्तीवर’ आहे. तिच्यासाठी साक्ष देणाऱ्या शेजाऱ्यावर नाही, घरमालकावर नाही, सही करणाऱ्या अधिकाऱ्यावरही नाही. माझे वाचन असे, की मदतनिसाच्या खटल्यात सरकारला दोन्ही गोष्टी नेहमीच्या रीतीने, संशयातीतपणे सिद्ध कराव्या लागतील : एक, ज्याला मदत झाली तो खरोखर परदेशी होता, दोन, मदत करणाऱ्याला ते माहीत होते. अर्जदार आपले भारतीयत्व सिद्ध करू शकला नाही, म्हणून त्याचा साक्षीदार आपोआप घुसखोराचा साथीदार झाला, अशी उडी मारता येणार नाही. कागद नसणे आणि परदेशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वऱ्हाडात तर त्या फारच वेगळ्या आहेत.

त्या का वेगळ्या आहेत ते सांगायला हवे. वऱ्हाडातल्या खेड्यांत पूर्वी जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होई. जातपडताळणीसाठी ज्यांनी ती जीर्ण पाने धुंडाळली आहेत त्यांना ठाऊक आहे, की त्यात कित्येकदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद. कुठे पाने फाटलेली, कुठे पूर्ण वर्षच गहाळ. पालावर जन्मलेला पारधी, मेळघाटात घरी बाळंत झालेली कोरकू बाई, कापूस वेचायला गेलेल्या मजुराचे वाटेत झालेले पोर, यांची नोंद कोण करणार होते? मुस्लिम वस्त्यांतही हीच स्थिती आहे, आणि नागरिकत्वाच्या कागदांची भीती २०१९ पासून त्यांच्यात जास्त असल्याने दाखल्यासाठी धावपळही त्यांनीच जास्त केली. एक जुनी गोष्टही इथे आठवावी. १९०२ च्या कराराने निजामाने वऱ्हाड इंग्रजांना वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या भाडेपट्ट्याने दिला, पण कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. आज ज्यांचे आजोबा-पणजोबा अमरावतीत जन्मले, त्या आजोबा-पणजोबांचा जन्म कायद्याच्या नजरेत ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा होता. जमीन तीच, माणसे तीच, कायद्याची रेघ मात्र कुठून कुठे गेली! कागदावरच्या रेघेला माणसाच्या मुळांचा एकमेव पुरावा मानू नये, एवढे तरी हा इतिहास शिकवतो.

या पार्श्वभूमीवर मदत करणाऱ्यांच्या तऱ्हा वेगळ्या काढता येतात. पहिला म्हणजे दलाल. तो पैसे घेतो, शाळेचा खोटा दाखला छापतो, एकच जाहीर प्रकटन नावे बदलून वापरतो, साक्षीदार पुरवतो. त्याच्याविषयी मनात काही किंतु ठेवायचे कारण नाही. त्याला अर्जदार परदेशी असल्याचे ठाऊक असो वा नसो, बनावट दस्तऐवज हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला वेगळी शिक्षा आहे; माहीत असून केले असेल तर अपप्रेरणेचीही. इथेच आपल्या तपासाने सारी शक्ती लावायला हवी, कारण एक दलाल पकडला की शंभर फाइली उलगडतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातला खोट्या माहितीसाठीचा दंड मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतरही अवघा अडीचशे रुपयांपर्यंत आहे. ज्या कागदाला एवढे मोल दिले, तो खोटेपणाने मिळवण्याचा दंड एका जेवणाच्या बिलाइतका ठेवला, ही विसंगती संसदेने दूर केली पाहिजे.

दुसरा अधिकारी. इथे गल्लत सर्वांत जास्त होते. कायद्याने ‘नोंदीचा खरेपणा पडताळून’ आदेश द्यायला सांगितले असताना ज्याने न वाचता सह्या केल्या, किंवा अधिकार नसताना नायब तहसीलदार असून आदेश काढला, त्याची चूक गंभीर आहे. त्याचा आदेश रद्द व्हावा, विभागीय चौकशी व्हावी, वेतनवाढ रोखली जावी, नोकरीही जावी. पण निष्काळजीपणा आणि संगनमत यांच्यात तुरुंगाच्या भिंतीएवढे अंतर आहे, ते राखले पाहिजे. जबाब खोटा असल्याचे माहीत असताना सही केली, पैसे घेतले, अहवाल येण्याआधीच आदेश काढला, एकाच दिवसात डोळे झाकून शेकडो फाइली हातावेगळ्या केल्या आणि प्रत्येकीत तोच साक्षीदार आहे हे समोर दिसत असून दुर्लक्ष केले, तर मग ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव टिकू नये. ठरवून डोळे मिटणे हे जाणण्यासारखेच आहे. मात्र अशा परिस्थितीचा पुरावा न मांडता नुसता आकडा दाखवून अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवले, तर उद्याचा तहसीलदार खऱ्या अर्जावरही सही करणार नाही. फाइल पुढच्या टेबलावर ढकलत राहील, आणि हेलपाटे पडतील ते गावातल्या म्हातारीला.

तिसरा साक्षीदार आणि लोकप्रतिनिधी : शेजारी, पोलीस पाटील, रहिवासी दाखला देणारा नगरसेवक किंवा सरपंच. आपल्याकडे ओळखीच्या माणसासाठी जबाब देणे हे शेजारधर्माचे काम समजतात. ‘मी यांना लहानपणापासून ओळखतो’ असे ठरावीक वाक्य न वाचता अंगठ्याखाली जाते. ही सवय वाईट आहे आणि मोडली पाहिजे. पण ती मोडायची तर जबाब समोर बसवून, वाचून दाखवून, दोन उलटे प्रश्न विचारून घ्यायला हवा. खोटी साक्ष जाणूनबुजून दिली असेल तर तिच्यासाठीची कलमे आहेत. तिला घुसखोरीला साहाय्य म्हणायचे तर जाणिवेचा वेगळा पुरावा लागेल.

उरतात ते सर्वांत मोठ्या संख्येचे मदतनीस : घर देणारे, काम देणारे, जेवू घालणारे, औषध देणारे. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी असे मनाई आदेश पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी काढू शकतात. ते मोडले तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली साधारण सहा महिन्यांपर्यंतची साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. हा नियमभंग आहे आणि त्याला तेवढीच शिक्षा पुरे. माहिती न कळवणे म्हणजे लपवणे नव्हे. मजुरी करणाऱ्याला अर्ध्या दामात राबवून, त्याच्या भीतीचा फायदा घेऊन, पोलीस येताच मागच्या दाराने पळवणारा मालक वेगळा. तिथे नफा आहे, लपवणूक आहे, जाणीवही आहे. तो सुटता कामा नये.

पण ताटात वाढलेल्या भाकरीचे काय? संहितेत ‘आसरा देणे’ याच्या व्याख्येत निवारा, अन्न, पाणी, पैसे, कपडे, वाहन पुरवणे हे सारे येते. ही व्याख्या जुन्या दंड संहितेपासून चालत आलेली आहे आणि ती दरोडेखोर, पळालेले कैदी यांच्यासाठी घडली. ती उपाशी माणसाला लावायची का? शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, ज्या धर्मशाळा उभारल्या त्यांचे तत्त्वच होते की भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा द्यायचा, जात विचारायची नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात कुष्ठरुग्णांना घेतले, तेव्हा ज्यांना घरच्यांनी टाकले होते त्यांना घेतले. हा वऱ्हाडाचा वारसा आहे आणि तो कायद्याच्या विरोधात नाही. आसऱ्याच्या कलमात शिक्षेपासून वाचवण्याच्या इराद्याची अट आहे, ती याच कारणासाठी. धर्मशाळेने नोंदवही ठेवावी, रुग्णालयाने भरती झालेल्या परदेशी रुग्णाची माहिती कळवावी; हे मी मान्य करतो. रुग्ण दारातच अडवावा, हे कायदा सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. जीविताचा हक्क देणारा संविधानाचा अनुच्छेद २१ ‘व्यक्ती’ला आहे, केवळ नागरिकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या निकालात ते सांगितले, २००० साली चंद्रिमा दास प्रकरणात एका बांगलादेशी महिलेवरील अत्याचाराबाबत पुन्हा सांगितले. रोहिंग्यांना परत पाठवण्याच्या प्रश्नावर एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने दिलासा नाकारला, पण देशात राहण्याचा हक्क परदेशी व्यक्तीला नसला तरी अनुच्छेद १४ आणि २१ तिलाही आहेत हे त्याच आदेशात मान्य केले.

जगात हा प्रश्न आपल्या आधी इतरांनी झेलला आहे. फ्रान्समध्ये सेद्रिक एरू या ऑलिव्ह पिकवणाऱ्या शेतकऱ्याने इटलीच्या सीमेवरून आलेल्या स्थलांतरितांना मदत केली म्हणून खटले झाले. ६ जुलै २०१८ रोजी तिथल्या संविधान परिषदेने निर्णय दिला की बंधुता हे संविधानाचे तत्त्व आहे, आणि माणुसकीपोटी, मोबदल्याविना केलेल्या मदतीला त्यातून संरक्षण मिळते. पण सीमा ओलांडायला केलेली मदत त्या संरक्षणाबाहेर ठेवण्याची मुभा त्या परिषदेने कायम ठेवली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अप्पुलोनप्पा खटल्यात मानवी तस्करीविरोधी कलम गरजेपेक्षा रुंद असल्याचे म्हटले, कारण त्यात स्वतःच्या कुटुंबीयांना आणि एकमेकांना मदत करणारे निर्वासितही अडकत होते. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात अन्न, पाणी आणि आसरा देणाऱ्या एका स्वयंसेवकाला नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडले. सर्वांत जवळचा दाखला मात्र स्थलांतरितांच्या तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा पालेर्मो प्रोटोकॉल. त्यात तस्करीच्या व्याख्येतच ‘आर्थिक किंवा अन्य भौतिक लाभ’ हा शब्दप्रयोग आहे, आणि भारताने २०११ साली तो प्रोटोकॉल मान्य केला आहे. म्हणजे लाभासाठी केलेली मदत आणि माणुसकीची मदत वेगळी काढण्याचे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. ते आपल्या कायद्याच्या मजकुरात अजून उतरलेले नाही, एवढेच.

शिवाय आपला कायदा स्वतःच काही मदतीला गुन्ह्याबाहेर ठेवतो. १ सप्टेंबर २०२५ च्या सूट आदेशाने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून धार्मिक छळापोटी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना कागदपत्रांविना प्रवेशाच्या शिक्षेतून वगळले. अमरावती-अकोल्यातल्या सिंधी वसाहतींना याचे मोल सांगायला नको. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्यांना इथल्या गावांनी सामावून घेतले आणि त्यांनी इथला बाजार उभा केला. ही सूट मिळालेल्यांना मिळाली याचा मला आनंद आहे. पण त्यातून हे तर कबूल होते, की कागदाविना आलेल्याला आसरा देणे हे मुळात पाप नाही. कोणाला दिला यावर सारे ठरते. मग ज्या शेजाऱ्याला समोरच्याचा धर्म दिसतो पण देश दिसत नाही, त्याने कायदा कसा ओळखावा? धर्मावर टांगलेली सूट मदत करणाऱ्याला फार निसरड्या जागी उभे करते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हा सुरक्षेचा प्रश्न आहे, जाणीव सिद्ध करणे कठीण असते आणि अशी अट ठेवली तर सगळेच सुटतील. हे खरे नाही. जाणीव नेहमी परिस्थितीवरूनच सिद्ध होते, खुनातही आणि लाचखोरीतही. एकाच साक्षीदाराचे नाव शंभर फाइलींत येणे, अस्तित्वात नसलेल्या शाळेचा दाखला, जन्माच्या वर्षानंतर स्थापन झालेल्या शाळेचा शिक्का, खात्यात आलेले पैसे, मोबाइलवरचे संदेश : हा पुरावा कष्टाने गोळा करावा लागतो, पण तो होतो. कष्ट टाळण्यासाठी जाणिवेची अटच काढली, तर सुटणार तो दलालच, कारण तपासाची सारी ताकद साध्या शेजाऱ्यांच्या गर्दीत विखुरली जाईल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : माणुसकीचा अपवाद ठेवला की दलाल त्याच्या आड लपेल. धोका आहे, म्हणूनच दोन निकष पक्के हवेत. मदतीतून लाभ घेतला का? आणि ओळख खोटी घडवायला किंवा माणूस लपवायला हात दिला का? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले की माणुसकीचा बचाव संपला. भाकर देणाऱ्याला हे दोन्ही प्रश्न अडचणीचे नाहीत. खोटा जन्मदाखला मिळवून देणाऱ्याला दोन्ही अडचणीचे आहेत. तिसरा आक्षेप, वऱ्हाड सीमेपासून शेकडो मैल दूर आहे, इथे हा ऊहापोह कशाला? सीमा जिथे कागदावर ओलांडली जाते तिथेच खरी ओलांडली जाते, आणि तो कागद आज तहसील कचेरीत तयार होतो. म्हणून इथेच.

अंधाधुंदीची किंमत कोण मोजते हे २०२५ च्या उन्हाळ्यात दिसले. पश्चिम बंगालमधले काही मजूर महाराष्ट्रात पकडले गेले, सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकलले गेले, आणि ते भारतीय असल्याचे पुढे आल्यावर परत आणावे लागले. अकोल्याच्या सराफ्यात बंगाली कारागीर आहेत, बांधकामांवर बंगाली गवंडी आहेत. भाषेवरून माणूस परदेशी ठरू लागला, तर त्याला खोली देणारा मराठी घरमालक उद्या साथीदार ठरेल, आणि मग खोली कोणी देणारच नाही. खोलीच्या दाराशी झालेली ही नाकेबंदी कोणत्याही राजपत्रात छापलेली नसेल, पण ती कायद्याहून कठोर असेल.

तेव्हा सरकारकडे मागणे एवढेच आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्याचा हिशेब विधिमंडळासमोर ठेवावा : किती दाखले रद्द झाले, त्यांतले किती केवळ अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने दिले म्हणून, किती बनावट कागदांमुळे, आणि किती प्रकरणांत धारक परदेशी असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. मदतनीस म्हणून ज्यांच्यावर गुन्हे नोंदले त्यांतल्या किती जणांविरुद्ध लाभाचा किंवा जाणिवेचा पुरावा आरोपपत्रात आहे, तेही सांगावे. ज्यांचा दाखला निव्वळ तांत्रिक कारणाने गेला, त्यांना नव्याने अर्ज करायला मुदत आणि मोफत विधी सेवा द्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे त्यासाठीच आहेत. आणि अकोला-अमरावतीच्या वकीलबांधवांनी अशा खटल्यांत पहिल्याच तारखेला न्यायालयापुढे एक प्रश्न ठेवावा : अर्जदार परदेशी आहे याचा पुरावा कुठे आहे, आणि माझ्या अशिलाला ते माहीत होते याचा कुठे?